पाण्याची बातमी काढून टाकायची का? नववीच्या मुलांच्या बातमीपत्राबद्दल सल्ला हवा

परिपाठवाले_मास्तर

नमस्कार मंडळी. दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावच्या हायस्कुलात मी सतरा वर्षं मराठी शिकवतोय. प्रश्न जरा लांबेल, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी सल्ला काय द्याल?

परिपाठात बातम्या वाचायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झालं की एक मुलगा पेपरातले चार मथळे वाचतो. मैदानात साडेतीनशे पोरं उभी आणि माईकवर 'रेपो दरात पाव टक्क्याची कपात'. वाचणाऱ्याला रेपो म्हणजे काय ते माहीत नसतं आणि ऐकणाऱ्यालाही. गेल्या जूनमध्ये नववीतल्या एका मुलीने परिपाठ संपल्यावर मला गाठून विचारलं, "सर, आपल्या बातम्या कधी असत्यात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिथून सुरुवात झाली. चार मुली, तीन मुलगे. दर शनिवारी आठ मिनिटांचं बातमीपत्र. माझ्या फोनवर रेकॉर्ड करायचं आणि परिपाठाला स्पीकरवर लावायचं. वर्गात आवाज घुमतो, म्हणून खेळाच्या खोलीत कबड्डीच्या मॅट उभ्या करून मुलं त्यांच्या मधे बसतात आणि डोक्यावरून वाकळ घेतात. आत उकडतं, पण आवाज स्वच्छ येतो. ही युक्ती त्यांची त्यांनीच शोधली.

पहिला महिना सगळा वृक्षारोपण आणि गुणगौरव. भाषा तर थेट पेपरातली. 'सदर', 'याप्रसंगी', 'मान्यवरांच्या हस्ते'. मग त्याच मुलीने लिहून आणलं, 'मुलींच्या स्वच्छतागृहात पाण्याअभावी विद्यार्थिनींची गैरसोय होत आहे.' मी म्हटलं, हे तू मैत्रिणीला कसं सांगशील? ती जरा थांबली, मग खाली बघत म्हणाली, "एक वाजला की नळाला पाणी नसतंय. म्हणून आम्ही सकाळपासून पाणीच पीत नाही." मी म्हटलं, अगं, हीच बातमी. तर म्हणाली, "सर, असं बोललं की बातमी वाटत नाही."

माझी मुलगी दुसऱ्या शाळेत आठवीला आहे. संध्याकाळी घरी आली की दप्तर ठेवायच्या आधी दोन तांबे पाणी घटाघट पिते. हे मी रोज बघत होतो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

मी मुलांना सांगितलं, पाणी नसतं हे खरं, पण ते जातं कुठे? पुढचे सहा दिवस त्यांनी काय केलं बघा. बांबूच्या काठीला वीतभर अंतरावर सुतळीच्या गाठी मारल्या आणि दर तासाच्या घंटेला टाकीत काठी घालून पाणी किती उरलं ते वहीत लिहिलं. टाकी हजार लिटरची. दहाला तुडुंब, मोठ्या सुट्टीनंतर तळ. मैदानाकडचे नळ त्याच टाकीवर आहेत आणि त्यातले दोन रात्रंदिवस गळतात. एका नळाखाली पंधरा लिटरची बादली लावून घड्याळ धरलं, तर २२ मिनिटांत भरली. दुसऱ्याचंही तेवढंच. दहा ते एक या तीन तासांत दोन नळांनी जवळपास अडीचशे लिटर पाणी मातीत घातलं. म्हणजे पाव टाकी. हा हिशोब फळ्यावर मांडला गणितात नेहमी मागे पडणाऱ्या मुलाने. मी मागच्या बाकावर बसून बघत होतो.

बातमी तयार झाली आणि इथून अडचण सुरू झाली. मुख्याध्यापक चांगला माणूस आहे, हे आधी सांगतो. ते म्हणाले, "हे बाहेर गेलं तर पुढच्या वर्षी पट घसरेल. शेजारच्या गावात नवी इंग्रजी शाळा झालीय. संस्थेला मी काय सांगू? ही बातमी काढा, दुसरं काहीतरी घ्या." त्यांची भीती खोटी नाही. पट घसरला की तुकडी जाते आणि तुकडी गेली की शिक्षक जातो.

त्यातच सराव चालू असताना कुणीतरी त्या मुलीचा व्हिडिओ काढला आणि तो गावाच्या ग्रुपवर गेला. तिथून एका स्थानिक बातम्यांच्या चॅनेलने उचलला. लाल अक्षरांत 'भोंगळ कारभाराचा विद्यार्थिनीकडून पर्दाफाश' असं लिहून तिचा चेहरा सगळीकडे. खाली लोकांनी तिच्या बोलण्यावर, दिसण्यावर जे लिहिलंय ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. "शिकाया धाडलीया मी तिला, लोकांनी बघाया न्हाई." मी काय बोलणार?

दोन शनिवार झाले, ती बातमीपत्रात नाही. पण रेकॉर्डिंगच्या वेळी खेळाच्या खोलीच्या दारात येऊन बसते.

ही बातमी काढायची का? संपादक कोण, मी की मुलं? आणि हे स्पीकरपुरतंच ठेवायचं की बाहेर न्यायचं? बाकीची सहा मुलं 'सर, चॅनेल काढू' म्हणून मागे लागली आहेत. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपा करून सविस्तर लिहा.

---

तालुका_डेस्क

मास्तर, मी २६ वर्षं पेपरात काढली. आधी तालुका वार्ताहर, नंतर डेस्कवर. तुमची पोरं सहा ककारांतल्या, म्हणजे बातमीने उत्तर द्यायच्या सहा प्रश्नांतल्या, 'का'पर्यंत पोचली आहेत. कोण, काय, कुठे, केव्हा हे सगळेच लिहितात. 'का'साठी सहा दिवस काठी घेऊन उभं राहावं लागतं, आणि आमच्यातले पगारी लोकसुद्धा ते कमी वेळा करतात.

बातमी काढू नका. पण ती अजून पुरी झालेली नाही. तिच्यात मुख्याध्यापकांचं म्हणणं कुठे आहे? तुम्ही त्यांच्याकडे तयार बातमी घेऊन गेलात, म्हणून त्यांना ती आरोपासारखी वाटली. त्यांना बातमी दाखवायला जाऊ नका, प्रश्न विचारायला जा. आणि तुम्ही नाही, मुलांनी जायचं. वही घेऊन, वेळ मागून. नळ गळतात हे आपल्याला कधीपासून माहीत आहे? दुरुस्तीचा खर्च कोणत्या खात्यातून होतो? सही कोणाची लागते? नळ कधीपर्यंत बसेल? जे उत्तर मिळेल ते शब्दाला शब्द बातमीत जाईल. ज्याला स्वतःचं उत्तर बातमीत ऐकू येतं, तो माणूस ती बातमी दाबत नाही. हे मी कितीतरी सरपंचांच्या बाबतीत पाहिलंय.

दुसरं, विशेषणं काढा. 'भोंगळ', 'पर्दाफाश', 'संतापजनक' हे शब्द ज्याच्याकडे आकडा नसतो तो वापरतो. तुमच्याकडे २२ मिनिटं आहेत.

आणि चूक झाली तर पुढच्या शनिवारी सगळ्यात आधी ती चूक सांगायची, मग बाकीच्या बातम्या. ही सवय याच वयात लागते.

रेडिओचं कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. कम्युनिटी रेडिओ, म्हणजे संस्थांनी आपल्या भागापुरती चालवलेली छोटी रेडिओ केंद्रं, आपल्याकडे चांगली आहेत. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालू आहे, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे. पण २००६ च्या केंद्राच्या धोरणात या केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी द्यायला मनाई केली गेली. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं, तरी बातमीचं दार बंदच राहिलं. मुलांना तिथे आरोग्य, शेती, परीक्षा, लोकगीतं यांवरचे कार्यक्रम करता येतील आणि माईकची सवयही होईल, तेवढ्यासाठी जरूर न्या. पाण्याच्या बातमीला मात्र तुमचा परिपाठाचा स्पीकरच जवळचा.

---

अकरावी_कॉमर्स

सर, इथे सगळे मोठे लिहितात, तरी लिहू का? मी मागच्या वर्षापर्यंत शाळेच्या न्यूज टीममध्ये होते. शहरातली शाळा. आमच्याकडे हिरवा पडदा होता, रिंग लाइट होती, कॉलर माईक होते. स्क्रिप्ट मॅडम लिहायच्या, आम्ही फक्त वाचायचो. ट्रस्टींचा वाढदिवस, स्नेहसंमेलन, योग दिन. घरच्यांशिवाय कुणी बघायचं नाही, आणि घरचेही आम्ही दिसलो की बंद करायचे.

वर्षभरात एकच बातमी आम्ही स्वतः केली. कॅन्टीनमधला वडापाव १५ चा २० झाला. आम्ही काकांना जाऊन विचारलं. त्यांनी तेलाचा डबा दाखवला, पाववाल्याचं बिल दाखवलं, गॅसचं कार्ड दाखवलं. दीड मिनिटाची बातमी. त्या दिवशी आठवीची मुलं वर्गात येऊन विचारत होती की पुढची बातमी कधी. नंतर मॅडम म्हणाल्या, असले विषय नकोत.

मला एवढंच सांगायचंय की तुम्ही मुख्याध्यापकांना विचारलंत, तिच्या आईचं ऐकलंत, आता आम्हाला विचारताय. तिला विचारलंत का? ती दारात येऊन बसते असं तुम्हीच लिहिलंय. तिला कदाचित चेहरा नको असेल पण आवाज चालेल. किंवा तिला वाचायचं नसेल, पण काठी टाकीत तिलाच घालायची असेल. माझा फोटो असाच एकदा कुठेतरी गेला होता. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की मी आता टीममध्ये नको, म्हणजे मला त्रास होणार नाही. मला त्या फोटोपेक्षा त्या ठरवण्याचा त्रास जास्त झाला.

---

फ्रीमाँटची_आई

मास्तर, कॅलिफोर्नियातून लिहितेय. माझा मुलगा इथल्या सरकारी हायस्कुलात दहावीला आहे. त्यांना आठवड्यातून तीन तास बातम्यांचा वर्ग असतो. मी एकदा जाऊन बसले होते. फळ्यावर बातम्यांची उतरंड लिहिलेली, कुठली आधी, कुठली नंतर, किती सेकंद. ती लिहिणारी आणि पुसणारी बारावीतली एक मुलगी. मास्तर मागे बसले होते आणि तासाभरात दोनदाच बोलले. एकदा 'हे कुणी सांगितलं?' आणि एकदा 'त्यांना फोन केला का?' 'संपादक कोण' या तुमच्या प्रश्नाला मी हे दोन प्रश्नच उत्तर म्हणून देईन. मास्तरांनी तेवढेच विचारावेत.

हे इथे आपोआप आलेलं नाही. १९८३ मध्ये मिझुरीतल्या हेझलवूड ईस्ट शाळेच्या प्राचार्यांनी मुलांच्या 'स्पेक्ट्रम' या पेपरातली दोन पानं छापण्याआधी काढून टाकली. एक लेख शाळकरी मुलींच्या गरोदरपणावर होता, दुसरा आईबापांच्या घटस्फोटावर. मुलं कोर्टात गेली आणि १९८८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध तीन मतांनी हरली. तेव्हापासून बऱ्याच राज्यांत शाळेचा हात वर आहे. कॅलिफोर्नियात मात्र मुलांच्या बाजूचा कायदा आधीपासून होता आणि कॅन्सासने तो १९९२ मध्ये केला. त्याचा उपयोग पुढे दिसला. २०१७ मध्ये कॅन्सासमधल्या पिट्सबर्ग गावात मुलांच्या 'बूस्टर रिडक्स' या शाळेच्या पेपराने नव्याने नेमलेल्या प्राचार्यांच्या पदव्या तपासल्या. ज्या विद्यापीठाची पदवी सांगितली होती त्याचा नीट पत्ताच लागेना. बातमी छापून आली आणि काही दिवसांत नेमणूक संपली. मोठ्यांच्या निवड समितीने जे विचारलं नव्हतं ते मुलांनी विचारलं.

त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, न्यूयॉर्कला 'चिल्ड्रन्स एक्सप्रेस' हे मुलांनी चालवलेलं बातम्यांचं नियतकालिक निघालं. तिथे तेरा वर्षांपर्यंतची मुलं वार्ताहर आणि त्याहून मोठी किशोरवयीन मुलं संपादक. १९७६ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, अध्यक्षपदाचे उमेदवार जिमी कार्टर यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार मॉण्डेल असणार, ही बातमी या मुलांनी मोठ्या पेपरांच्या आधी दिली. तुमच्याकडेही ही वाटणी करून बघा. आता नववीत असलेली सात जणं पुढच्या वर्षी संपादक, नवे वार्ताहर सातवी-आठवीचे. दहावीचं वर्ष म्हणून पालक कुरकुरतील, पण आठवड्याला एक तास निघतो.

तुमच्या मुलांमागे असा कायदा नाही, हे मला कळतं. म्हणून मुख्याध्यापकांशी भांडून नव्हे, वर तालुका_डेस्क म्हणतात तशी वही घेऊन जाणंच बरं.

---

यमुनापार

दिल्लीत 'बालकनामा' नावाचा पेपर आहे, २००३ पासून. रस्त्यावर राहणारी आणि काम करणारी मुलं तो चालवतात. 'बढते कदम' ही त्यांची संघटना आणि 'चेतना' ही संस्था पाठीशी. यातल्या बऱ्याच मुलांना सुरुवातीला लिहिता येत नसतं. ती आपल्या वस्तीतली बातमी तोंडी सांगतात आणि दुसरी मुलं लिहून घेतात. सांगणाऱ्यांना तिथे 'बातूनी रिपोर्टर' म्हणतात. त्यांचं काम लिहिणाऱ्यांपेक्षा कमी मानत नाहीत, कारण बातमी त्यांच्यापाशीच असते.

तुमच्या मुलीला कॅमेरा आणि माईक दोन्ही नको असेल तर ती बातूनी होऊ शकते. वाचू दे दुसऱ्या कुणाला.

---

वकीलीणबाई_सांगली

थोडक्यात लिहिते. बालन्याय कायदा २०१५, कलम ७४ आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा), कलम २३. अत्याचार झालेलं, कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं, साक्षीदार असलेलं किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल बातमीत असेल तर नाव, फोटो, पत्ता, शाळा, काहीही जाता कामा नये. हे तुमच्या वार्ताहरांनाही लागू आहे. गावात असं काही घडलं तर ती बातमी मुलांनी करायचीच नाही.

पाण्याच्या बातमीला ही कलमं थेट लागू होत नाहीत. पण तो व्हिडिओ आईने स्वतः ज्या-त्या ठिकाणी तक्रारीचं बटण दाबून 'माझ्या अल्पवयीन मुलीचा, परवानगीशिवाय' असं कळवून उतरवायला लावावा. ज्याने काढला त्याचा त्यावर कॉपीराइट असतो. तो मुलगा सापडला तर त्यानेही वेगळी तक्रार करावी, दोन्ही वाटांनी जा. चॅनेलला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

यापुढे पालकांची लेखी संमती दर सत्राला घ्या. एकदाच घेऊन वर्षभर चालवू नका, मुलांचं मन बदलतं. आणि चॅनेल काढायचं असेल तर आधी वर्षभर फक्त आवाज, खाली प्रतिक्रिया बंद.

---

परिपाठवाले_मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडेपर्यंत थांबलो होतो.

अकरावीतल्या बाळा, तुझं लिहिणं वाचलं त्याच दुपारी मी तिला विचारलं. ती लगेच म्हणाली, "मलाच वाचायचंय. नाव नको. आणि आई खोलीत पायजे." म्हणजे तिचं ठरलेलं होतं, विचारायचं मीच राहिलो होतो. आई आली. मॅटवर मांडी घालून बसली, पदर तोंडाला लावून पूर्ण ऐकलं. मुलगी एका ठिकाणी अडखळली तर आईच म्हणाली, "परत घे की."

मुख्याध्यापकांकडे दोन मुलगे आणि एक मुलगी वही घेऊन गेले. मी वर्गावर होतो, मुद्दामच. त्यांनी पंधरा मिनिटं दिली. नळ दिवाळीपासून गळतात हे त्यांना माहीत होतं, पण पाव टाकी जाते हे माहीत नव्हतं. मुलांनी वही उघडून आकडे दाखवले. ते म्हणाले, "सोमवारी प्लंबर बोलावतो, हे तुम्ही बातमीत सांगा." बातमी शनिवारी लागली. त्यातली ओळ तिचीच, 'एक वाजला की नळाला पाणी नसतं, म्हणून आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही.' मैदानात एवढी शांतता मी परिपाठाला कधी ऐकली नव्हती. शिक्षिकांच्या रांगेत दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. त्यांचंही स्वच्छतागृह त्याच टाकीवर आहे. हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या शनिवारी मुलांनी सुरुवातीलाच तसं सांगितलं, 'मागच्या बातमीत आमच्याकडून शिक्षिकांना विचारायचं राहिलं होतं.'

व्हिडिओ दोन ठिकाणचा उतरला, एका ठिकाणी अजून आहे. आईने दुसऱ्यांदा तक्रार टाकली आहे. चॅनेलचा विषय मुलांनीच मतदान करून पुढच्या जूनवर ढकलला, चार विरुद्ध तीन.

प्लंबर सोमवारी नाही, बुधवारी आला. एक नळ बदलला. दुसऱ्याला नुसता वायसर घातलाय. या शनिवारची पहिली बातमी तीच आहे. काल मधल्या सुट्टीत बादली पुन्हा लावली होती. ४१ मिनिटं लागली.